बंद राहिलेल्या जुन्या गाडीतले शिळे पेट्रोल : चावी फिरवण्याआधीची कामे

जुनी गाडी काही वर्षांनी शेडमधून बाहेर काढायची ठरली की बॅटरी, टायर आणि ब्रेक सगळ्यांना आठवतात. टाकीतल्या पेट्रोलची आठवण मात्र कोणाला होत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि डॅशबोर्डवरचा काटा निमूटपणे ‘अर्धी टाकी’ दाखवत असतो. आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या शेडमध्ये २०१६ च्या दिवाळीनंतर जी उभी राहिली, ती आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये बाहेर काढली. ओळखीच्या एका मिस्त्रींनी टाकीत डोकावूनही न पाहता सांगितले, “दादा, पाच लिटर ताजं टाका. जुनं-नवं मिसळलं की घेते गाडी.” गाडीने खरेच घेतले. पंधरा मिनिटे इंजिन चालले, काकूंनी नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारताच टॅपेट कव्हरखालून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. दोन इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपा, त्या ज्यात वरखाली सरकतात त्या गाइडमध्ये चिकटून बसले होते आणि त्यांना उघडणारे पुशरॉड वाकले होते.

हे कसे घडले ते समजून घेतले तर पुढची सगळी कामे आणि त्यांचा क्रम आपोआप पटतो. टाकीच्या तळाशी आणि पाइपमध्ये साचलेला चिकट राळेसारखा थर ताज्या पेट्रोलमध्ये विरघळतो, त्याच्याबरोबर इंजिनात जातो आणि गरम व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. इंजिन गरम असेपर्यंत तो मऊ असतो, म्हणून गाडी छान चालते. रात्रीतून इंजिन थंड झाले की तोच थर सरसासारखा आवळतो. म्हणजे गाडी सुरू होणे ही पेट्रोल चांगले असल्याची खूण नाही. त्याच मिस्त्रींनी नंतर इंजिनाचे हेड (व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग) उतरवण्याचे पैसे घेतले, हा भाग वेगळा.

पेट्रोल शिळे होते म्हणजे काय होते

पेट्रोल हा एक पदार्थ नसून साधारण ३० अंश सेल्सिअसपासून २०० अंशांच्या पुढेपर्यंत उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. थंड इंजिन पेटते ते त्यातल्या सर्वांत हलक्या भागामुळे, आणि टाकीतली हवा ये-जा करणाऱ्या श्वासनळीतून सर्वांत आधी उडून जातो तोही हाच भाग. जे मागे राहते त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो, त्यातून डिंकासारखे चिकट पदार्थ तयार होतात, रंग गडद होतो आणि वास बदलतो. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. शिळ्याचा वास जुन्या वॉर्निशच्या डब्यासारखा आंबट आणि जड असतो.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला सुरुवात झाली आणि आज साध्या पंपावर बहुतेक तेच मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकते, वीस टक्क्यांचे त्याहून अधिक. पण ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात आणि वर ऑक्टेन घटलेले पेट्रोल तरंगते. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच ओढत असल्याने पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला सर्वांत आधी हेच पाणी मिळते. नाशिकच्या हवेचाही यात वाटा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी पंचवीसच्या वर जातो, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी रोज हवा आत घेते आणि बाहेर सोडते. पावसाळ्यात हीच हवा दमट असते आणि तिच्यातला ओलावा रात्री टाकीच्या पत्र्यावर दवासारखा धरतो. अर्ध्या भरलेल्या टाक्या वरच्या बाजूने अधिक गंजलेल्या सापडतात त्या याच कारणाने.

नमुना काढून पाहणे

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, म्हणजे घरातले कोणी उत्साहाने सेल्फ मारणार नाही आणि ठिणगीचाही प्रश्न मिटेल. मग टाकीच्या तळातून पावशेर-अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढावे. वरच्या थरातून काढलेला नमुना फसवतो, म्हणून नळी तळाला टेकेपर्यंत घालावी. शेजारी ताज्या पेट्रोलची बरणी ठेवून दोन्हींच्या मागे पांढरा कागद धरावा. तासाभराने तळाशी वेगळा थर, गढूळपणा किंवा तांबूस भुकटी दिसली तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

आणखी दोन सोप्या चाचण्या आहेत. स्टीलच्या ताटलीत दहा-बारा थेंब टाकून ती मोकळ्या अंगणात, उन्हाबाहेर ठेवावी. ताजे पेट्रोल उडून गेल्यावर जवळपास काहीच मागे ठेवत नाही. आमच्या पद्मिनीच्या पेट्रोलने पिवळट तपकिरी कडे ठेवले आणि त्यावर बोट टेकवल्यावर ते काकवीसारखे तार धरून वर आले. दुसरी चाचणी इथेनॉलची. शंभर मिलीलिटरच्या मोजपात्रात नव्वद मिलीलिटर पेट्रोल आणि दहा मिलीलिटर पाणी घेऊन हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. खालचा थर दहावरच राहिला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही. तो पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत वाढला तर ते वीस टक्क्यांच्या आसपासचे मिश्रण आहे. याचा उपयोग असा की पेट्रोल इथेनॉलचे असेल तर पुढे रबरी नळ्या, गॅस्केट आणि डायाफ्राम (पंपातला रबरी पडदा) यांच्याकडे अधिक संशयाने पाहावे लागते.

काळाचा ढोबळ हिशेब असा ठेवावा : दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत टाकी ताज्या पेट्रोलने भरून घेतली तरी चालते, सहा महिन्यांच्या पुढे नमुना पाहूनच निर्णय घ्यावा, आणि वर्ष उलटले असेल तर नमुना स्वच्छ दिसला तरी टाकी रिकामी करावी. टाकीत आठशे-हजार रुपयांचे पेट्रोल आहे म्हणून जीव अडकतो हे खरे, पण हेडच्या कामापुढे ती रक्कम काहीच नाही.

टाकी रिकामी करताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या फ्रिजच्या किंवा पंपाच्या स्विचपर्यंत पोहोचते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) उणे ४० अंशांच्या आसपास असल्याने शेकोटीच्या थंडीतही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असते. म्हणून हे काम बंद शेडमध्ये नको, आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर तर अजिबात नको, कारण वाफ खड्ड्यात विहिरीतल्या पाण्यासारखी साचते. गाडी ढकलून उघड्यावर आणावी, एबीसी पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे, मोबाइल घरात ठेवावा, आणि बघ्यांपैकी कोणी विडी पेटवणार नाही याची जबाबदारी एका माणसाला द्यावी.

टाकीला खाली ड्रेन प्लग असेल तर तो सर्वांत सोयीचा, पण तीस वर्षे न हललेला प्लग पान्ह्याने जोर करून फिरवल्यास भोवतालचा पत्राच फाटतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि तरीही हलला नाही तर नाद सोडावा. हातपंपाने किंवा लाइनचे इंजिनाकडचे टोक सोडूनही पेट्रोल काढता येते. तोंडाने नळी ओढण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि ती वाईट आहे. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. पेट्रोल धातूच्या कॅनमध्येच घ्यावे आणि कॅन व गाडीची बॉडी यांना तांब्याच्या वायरने जोडावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. प्लास्टिकची बादली हाताशी असते म्हणून वापरली जाते, आणि भडका उडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

टाकी धुणे

सात-आठ वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी उतरवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मी मानत नाही. पट्टे आणि नळ्या सोडण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो घ्यावा. पेट्रोलच्या काट्याचे सेन्सर युनिट काढून त्या भोकातून आत पाहिले की टाकीची खरी हकीकत कळते. टॉर्च बाहेरूनच मारावी, आत उतरवू नये. आतला पत्रा करड्या रंगाचा आणि गुळगुळीत दिसत असेल तर कारखान्यातला कथिल-शिशाचा लेप शाबूत आहे. अशा टाकीत आम्ल घालू नये, गरम पाणी आणि भांड्यांचे साबण द्रावण तीन-चार वेळा खळखळून काढले की पुरते. राळ घट्ट बसली असेल तर एक-दोन लिटर ॲसिटोन किंवा चांगले थिनर घालून टाकी रात्रभर कुशीवर कुशी बदलत ठेवावी आणि ते द्रावण पेट्रोलइतक्याच काळजीने बाहेर काढावे.

तांबूस पापुद्रे सुटत असतील तर काम वाढते. टाकीत मूठभर छोटे नट किंवा सायकलच्या साखळीचे तुकडे आणि साबणाचे पाणी घालून ती गोधडीवर इकडून तिकडे लोळवावी. नट टाकताना मोजावेत. आम्ही चाळीस टाकले आणि एकोणचाळीस बाहेर आले. चाळिसावा आतल्या आडव्या पत्र्यामागे अडकला होता आणि तो काढायला लोहचुंबक दोरीला बांधून अर्धा दिवस मासे पकडल्यासारखा बसलो होतो. पापुद्रे निघाल्यावर उरलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व उत्तम. किराणा दुकानात किलोवर मिळते. एका लिटर कोमट पाण्याला साठ-सत्तर ग्रॅम या प्रमाणात टाकी काठोकाठ भरून चोवीस तास ठेवावी. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि वेळ न दवडता कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडी करावी, कारण उघडा पडलेला लोखंडी पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतो. लगेच पेट्रोल भरायचे नसेल तर आत थोडे इंजिन ऑइल फिरवून ठेवावे.

टाकीला भोक सापडले तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे जावे. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, ही गोष्ट त्यांना पिढीजात ठाऊक असते. तरी टाकी पाण्याने पूर्ण धुतलेली आहे की नाही हे आपण सांगावे आणि त्यांच्याकडूनही विचारून घ्यावे. आतून लावायचे सीलर मिळते, पण ते इथेनॉल सोसणारे आहे असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर घेऊ नये. दोन-तीन वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटून लाइनमध्ये अडकलेले मी पाहिले आहेत, आणि त्यापेक्षा गंज परवडला.

लाइन आणि पंप

धातूच्या लाइनमध्ये हवा मारताना ती इंजिनाकडून टाकीच्या दिशेने आणि टाकी जोडलेली नसतानाच मारावी. रबरी नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी सगळ्या बदलाव्यात. जुनी नळी लांबीत कापून पाहिल्यास आतला थर चामडीसारखा सुटलेला दिसतो, आणि तोच झडपेसारखा मिटून चढावर गाडीला पेट्रोल मिळेनासे करतो. नवीन नळी घेताना दुकानदाराकडे ‘पेट्रोलची’ एवढेच न मागता इथेनॉलला चालणारी, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लावतात ती मागावी.

पद्मिनी आणि अँबेसेडरसारख्या गाड्यांत कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप असतो. त्याच्या आत रबरी पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल कार्बोरेटरऐवजी थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून गेजची काडी काढून ऑइलचा वास घ्यावा. पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल न बदलता इंजिन फिरवणे म्हणजे बेअरिंगचा बळी देणे. पंपाची वाटी उघडून जाळी धुवावी आणि डायाफ्रामचे किट नवीन टाकावे; ते स्वस्त आहे, तिथे काटकसर करू नये.

कार्बोरेटर

इथे घाई केली तर मागची सगळी मेहनत वाया जाते. कार्बोरेटर गाडीवर ठेवून वरून स्प्रे मारणे हे तोंड धुतल्यासारखे आहे. तो उतरवून टेबलावर घ्यावा, खाली पांढरा कपडा अंथरावा आणि प्रत्येक जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढताना त्यावरचा आकडा वहीत लिहावा. फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्याच्या, तळाशी कोरडी पडलेली हिरवट-तपकिरी साय आणि पांढरी भुकटी दिसेल. साय राळेची आहे, भुकटी पाण्याने जस्त-ॲल्युमिनियम खाल्ल्याची. साय कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवल्यावर निघते. भुकटीखाली खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत, पण कप्पा भरला की पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हची बैठक शाबूत असेल तोवर गाडी चालते.

पितळी फ्लोट असेल तर कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटून पेट्रोल प्यायला आहे. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे जिथून निघतील तिथे झाळावा लागतो. निडल व्हॉल्व्ह मात्र कसाही दिसला तरी नवीन घालावा. आयडल जेटचे भोक केसाएवढे असते. ते उजेडाकडे धरून पूर्ण गोल दिसेपर्यंत साफ करावे, पण तार किंवा सेफ्टी पिन घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचा शोध वर्षभर चालतो. ब्रशचा एक नायलॉनचा केस आणि कॉम्प्रेसरची हवा एवढे पुरते. जोडताना सगळे गॅस्केट नवीन किटमधले घालावेत.

पहिल्यांदा सुरू करताना

स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर थांबावे. दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर उघडे ठेवून, हँडलची सोय असेल तर हँडलने, नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळू ढकलत इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवावे. आठही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) खाली दबून पुन्हा सारख्या उंचीवर येतात का, हे डोळ्यांनी पाहावे. एखादा व्हॉल्व्ह खाली जाऊन तिथेच रेंगाळला तर थांबावे, त्याच्या दांड्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि तासाभराने पुन्हा पाहावे. आम्ही ही पाच मिनिटे दिली असती तर पुशरॉड वाचले असते.

नंतर इग्निशन बंद ठेवण्यासाठी कॉइलची वायर काढून, प्लगशिवायच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवावे. पहिला स्टार्ट गाडीच्या टाकीवर न करता, पंपाच्या नळीला लावलेल्या एक लिटरच्या धातूच्या डब्यातल्या ताज्या पेट्रोलवर करावा. त्यावर गाडी नीट चालली आणि टाकी जोडल्यावर मिसिंग करू लागली तर दोष कुठे आहे हे विचारत बसावे लागत नाही. पंपाआधी पारदर्शक फिल्टर जरूर बसवावा. पहिल्या पन्नास किलोमीटरांत तो तांबूस झाला तर घाबरण्याचे कारण नाही, बदलावा. तिसराही तसाच झाला तर टाकी पुन्हा उतरवावी.

गाडी धावू लागल्यावर ती गरम होते, रेस दिली की कार्बोरेटरमधून फटका मारते, अशी तक्रार येऊ शकते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. आधी प्लगचा रंग पाहावा. पांढराफटक असेल तरच मेन जेट एका आकड्याने वाढवावा.

काढलेल्या पेट्रोलचे काय

चार-सहा महिन्यांचे, स्वच्छ आणि थर न पडलेले पेट्रोल कापडातून गाळून जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत दहाला एक या प्रमाणात संपवता येते. इंजेक्शनच्या गाडीत ते घालू नये. राळ आलेले किंवा पाणी सुटलेले पेट्रोल कुठेच वापरू नये, तण जाळायलाही नाही, आणि गटारात तर मुळीच ओतू नये. आपल्या नाशिककडचे बरेच नाले नासर्डी नदीत जातात आणि नासर्डी गोदावरीला मिळते. वापरलेले ऑइल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या संकलकाकडे देणाऱ्या वर्कशॉपला ते द्यावे. तोवर साठवण्याचीही मर्यादा आहे : १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना ३० लिटरपर्यंतच आणि एका धातूच्या भांड्यात २५ लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते.

पुन्हा उभी करताना

तीन महिन्यांपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून, पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे स्टॅबिलायझर घालून ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतपत दहा मिनिटे गाडी चालवावी. त्याहून अधिक काळ असेल तर टाकी रिकामी करून आतून ऑइल फिरवावे आणि पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे फ्लोट चेंबर कोरडे होते. आठवड्याला पाच मिनिटे जागेवर सुरू करण्याने फायद्यापेक्षा तोटा अधिक. ऑइल गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. आम्ही पद्मिनी आता महिन्यातून एकदा पहाटे त्र्यंबक रस्त्याला नेतो, जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर होतात, आणि परतताना पंपावर टाकी भरतो. सन व्हायझरमागे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा खोचलेला आहे. त्यावर तारीख, लिटर आणि फिल्टर कधी बदलला एवढेच लिहायचे असते. काका अजूनही तो काढून वाचतात आणि मागच्या नोंदीला दोन महिने झाले असतील तर मला फोन करतात.